गॅस: नाव ठेवलं, पण ओळखलं नाही

‘गॅसवर दूध आहे, बघ.’ ‘गॅसचा नंबर लावलाय.’ ‘रात्री वाटाण्याची उसळ खाल्ली आणि गॅस धरला.’ शेगडी, सिलिंडर आणि पोटातला वारा, तिघांनाही आपण एकाच शब्दाने हाक मारतो. निकाल लांबला की मुलंही ‘गॅसवर’ असतात. बहुतेक शब्दांचा कर्ता कोण ते कधीच कळत नाही. याचा मात्र पक्का ठाऊक आहे.

तो ब्रुसेल्सचा यान बाप्टिस्ट फान हेल्माँट, वैद्यही आणि रसायनीही. ओकच्या ६२ पौंड कोळशाची राख होते जेमतेम १ पौंड. मग उरलेले ६१ पौंड गेले कुठे? हेल्माँट म्हणाला, ‘रानटी आत्मा’ होऊन निसटले. द्राक्षाचा रस आंबतानाही तोच निघतो आणि कोंडायला जावं तर भांडं फोडतो. या दांडगटाला त्याने नवं नाव दिलं, गॅस. ते छापलं गेलं १६४८ साली, तो वारल्यावर चार वर्षांनी.

शब्दाचं मूळ ग्रीक ‘खाओस’मध्ये, म्हणजे सृष्टीला आकार येण्याआधीच्या गोंधळात. डच माणूस ‘ग’ घशातून, आपल्या ‘ख’च्या जवळपास खरवडून काढतो. त्यामुळे त्याच्या कानाला दोन्ही शब्द भाऊभाऊच वाटतात. हेल्माँटने ‘ब्लास’ असाही एक शब्द काढला होता, ताऱ्यांच्या चलनवलनामागच्या शक्तीसाठी. तो कुणी उचलला नाही. ‘गॅस’सुद्धा शंभरावर वर्षं पडूनच होता. प्रीस्टलीसारखे शास्त्रज्ञ नुसतं ‘हवा’ म्हणत. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिएने तो वापरात घेतला, मग दगडी कोळशाच्या वायूचे दिवे आले, १८०७ मध्ये लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर, १८६५ मध्ये मुंबईत, आणि शब्द रस्त्यावर उतरला.

पुढे त्याने ताळतंत्र सोडलं. अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात, गॅसोलीनचं तोंडी रूप म्हणून. आपण हसायचं कारण नाही: आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्येही दाबाखाली मुख्यतः द्रवच असतो. त्याचा वायू होतो तो शेगडीकडे निघताना.

हेल्माँटचा दुसरा प्रयोग जास्त गाजला. २०० पौंड कोरड्या मातीत त्याने ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड भरलं १६९ पौंड, माती घटली अवघी दोन औंस. म्हणजे झाड पाण्याचंच बनलं, असा निकाल त्याने दिला. तो चुकला. वाळलेल्या लाकडाचं सुमारे निम्मं वजन कार्बनचं असतं आणि तो कार्बन झाड हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतं. कोळशातून निसटलेला हेल्माँटचा ‘रानटी आत्मा’ म्हणजे हाच कार्बन डायऑक्साइड.