वादळाची वर्दी देणारा दर्यावर्दी

रेडिओवरचे हवामान आपण ऐकता. पाऊस सांगितला आणि लख्ख ऊन पडले, की पारावर हशा पिकतो. "आज पाऊस सांगितलाय ना? मग वाळवण घाला खुशाल!" असेही कोणी म्हणतो. हे हसणे आजकालचे नाही. रोजच्या वर्तमानपत्रातून लोकांना हवामानाचा अंदाज सांगण्याची प्रथा ज्याने पाडली, त्यालाही ते सोसावे लागले. त्याचे नाव रॉबर्ट फिट्झरॉय.

हा इंग्रजी आरमारातला अधिकारी. जन्म १८०५ चा. बाराव्या वर्षी तो आरमारी शाळेत गेला आणि तेविसाव्या वर्षी 'बीगल' जहाजाचा कप्तान झाला. शिक्षकबंधूंना हे जहाज ठाऊक असेल. १८३१ ते १८३६ या सफरीत चार्ल्स डार्विन त्यावरच होता. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची मोजणी नीट व्हावी म्हणून फिट्झरॉयने पदरच्या पैशाने दुसरे गलबत घेतले. सरकारने ते पैसे काही परत केले नाहीत. पुढे १८४३ मध्ये तो न्यूझीलंडचा गव्हर्नर झाला. तेथे वैराऊच्या चकमकीत दोष माओरींचा नसून, न विकलेल्या जमिनीवर गेलेल्या गोऱ्यांचा आहे, असे त्याने स्पष्ट सांगितले. वसाहतवाले चिडले. १८४५ मध्ये त्याला परत बोलावण्यात आले.

१८५० मध्ये तो आरमाराच्या कामातून निवृत्त झाला. पण त्याचे खरे लोकसेवेचे काम यापुढेच सुरू झाले. १८५४ मध्ये व्यापार खात्याने त्याला हवामानाच्या नोंदी गोळा करण्यासाठी नेमले. काम तसे कारकुनीचे. पण त्याने वेगळाच विचार केला. हवेचा दाब झपाट्याने उतरला, तर वादळ जवळ आले असे समजावे. दाब दाखवणारे पाऱ्याचे यंत्र गरीब कोळ्याने कोठून घ्यावे? म्हणून मच्छीमारांच्या बंदरांवर सर्वांना पाहता येतील अशी यंत्रे त्याने बसवून घेतली आणि ती वाचायची कशी, हेही सोप्या भाषेत लिहून दिले.

ऑक्टोबर १८५९ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावर भयंकर वादळ आले. ऑस्ट्रेलियाहून परतणारे 'रॉयल चार्टर' जहाज घर दिसू लागले असताना फुटले आणि सुमारे साडेचारशे माणसे बुडाली. फिट्झरॉयचे म्हणणे असे, की वादळ एका जागेहून दुसरीकडे जायला वेळ लागतो. तार मात्र क्षणात पोचते. मग एका बंदराने दुसऱ्याला सावध का करू नये?

तशी व्यवस्था त्याने उभी केली. किनाऱ्यावरची ठाणी सकाळी दाब, वारा, तापमान तारेने लंडनला कळवीत. धोका दिसला की लंडनहून उलट तार जाई आणि बंदरातल्या काठीवर कॅनव्हासचा शंकू चढे. टोक वर असले तर वादळी वारा उत्तरेकडून, खाली असले तर दक्षिणेकडून. अक्षरओळख नसलेल्या नावाड्यालाही हे कळे. फेब्रुवारी १८६१ मध्ये हे इशारे सुरू झाले आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला 'टाइम्स'मध्ये अंदाज छापून आला.

पण अंदाज चुकतही. वर्तमानपत्रे टर उडवू लागली. विद्वान म्हणाले, याला शास्त्राचा आधार नाही. स्वतःची मिळकत लोककार्यात संपलेली, प्रकृती खालावलेली, मन खचलेले. ३० एप्रिल १८६५ रोजी या शूर माणसाने स्वतःच्या हाताने आयुष्य संपवले. कुटुंब कर्जात होते. मित्रांनी निधी उभारला, त्यात डार्विननेही शंभर पौंड घातले.

१८६६ अखेर सरकारने इशारे बंद केले. तेव्हा आरडाओरडा कोणी केला? ज्यांचा जीव पाण्यावर होता त्या दर्यावर्द्यांनी! पुढच्याच वर्षी इशारे पुन्हा सुरू झाले. विद्वानांना चूक मोजता येत होती. वाचलेल्या होड्या कोळ्यांना मोजता येत होत्या.

आपल्याकडे १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ यांनी डोळे उघडले आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्याआधी होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या आणि हजारो माणसे सुरक्षित जागी हलवली होती. घरे पडली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पण वेळीच मिळालेल्या इशाऱ्याने कितीतरी जीव वाचले.

इशारा दिला आणि वादळ आले नाही, तर एका दिवसाची कमाई बुडते. इशारा न देता वादळ आले, तर माणूस बुडतो. दोन्ही चुका सारख्या नव्हेत, एवढे ध्यानात ठेवावे. शिक्षकबंधूंनी शाळेत पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस मुलांकडून फळ्यावर लिहवून घ्यावा. नोंद ठेवणाऱ्या मुलाला अंदाज किती अवघड असतो ते कळेल. मग तो हसण्याआधी थोडा विचार करील.