उंची कुणी ठरवायची?

प्रेक्षकांपासून ५०० फुटांवर एक रेषा आणि १,००० फुटांवर दुसरी. टेक्सासमधल्या डॅलस एक्झिक्युटिव्ह विमानतळावर १२ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘विंग्ज ओव्हर डॅलस’ या हवाई खेळात जुनी युद्धविमानं उडत होती, तेव्हा वैमानिकांपाशी ही दोन अंतरं होती. दोन्ही आडवी, जमिनीवर मोजलेली. कुणी किती उंचीवर राहायचं, हे मात्र ना उड्डाणाआधीच्या बैठकीत ठरलं, ना हवेत गेल्यावर.

पाच बॉम्बर्समध्ये सगळ्यात पुढे ‘टेक्सास रेडर्स’ नावाचं बी-१७ होतं. लढाऊ विमानं तीन: दोन पी-५१ मस्टँग आणि शेवटी पी-६३ किंगकोब्रा. अशा खेळात आकाशाची सूत्रं हलवणाऱ्याला ‘एअर बॉस’ म्हणतात. त्याने रेडिओवरून लढाऊ विमानांना सांगितलं, एकामागे एक व्हा, बॉम्बर्सच्या पुढून जा आणि ५०० फुटांची रेषा धरा. बॉम्बर्सना १,००० फुटांची रेषा दिली. ऐकायला सुटसुटीत, पण यात वेगवान विमानांनी संथ विमानांची वाट ओलांडणं आलंच. डावीकडे कललेलं किंगकोब्रा बी-१७च्या डाव्या बाजूला, पंखाच्या मागे, आदळलं. बी-१७मधले पाच आणि किंगकोब्राचा वैमानिक, असे सहा जण गेले.

एवढं मोठं चार इंजिनांचं विमान दिसलं कसं नाही?

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नेमकं हेच तपासलं. दोन्ही विमानांचे मार्ग असे जुळत होते, की विमानाच्या सांगाड्याआड समोरचं विमान झाकलं जात होतं. त्यात खेळाचा ताण, आणि माणसाच्या नजरेच्या मर्यादा. मंडळाने मूळ कारण मात्र कॉकपिटमध्ये शोधलं नाही. विमानं एकमेकांपासून दूर ठेवण्याची पुरेशी योजना आधी सांगितलीच नव्हती. सगळी भिस्त ऐनवेळच्या सूचनांवर आणि ‘बघा आणि टाळा’ यावर होती, असा ठपका एअर बॉस आणि आयोजकांवर आला. एअर बॉससाठी मार्गदर्शन नसल्याबद्दल अमेरिकी विमानवाहतूक प्रशासनालाही बोल लागला. जवळपास ऐंशी वर्षांच्या जुन्या धातूला दोष देणं सोपं गेलं असतं. पण इथे दोष धातूचा नव्हता. कच्चा होता तो बेत.

फॉर्मेशनमधला, म्हणजे गटाने उडणारा, वैमानिक पुढच्या विमानावर डोळे रोवून उडतो. आजूबाजूचं आकाश त्याच्यासाठी म्होरक्या सांभाळतो. त्यामुळे म्होरक्याला रस्ता आधी ठाऊक हवा. अमेरिकेत ‘फास्ट’ नावाची व्यवस्था जुन्या विमानांच्या वैमानिकांना फॉर्मेशनचं कार्ड देते, अनुयायाचं वेगळं, म्होरक्याचं वेगळं. ते कौशल्य एका गटाच्या आतलं. दोन गट एकमेकांच्या वाटेत आले तर काय, हे कार्डात मावत नाही.

आणि धोका खेळाच्या मध्यावरच असतो असंही नाही. इंग्लंडमध्ये डक्सफर्डला ‘फ्लाइंग लेजेंड्स’ची सांगता ‘बाल्बो’ने होई: वेगवेगळ्या जातींच्या जुन्या विमानांचा एकच मोठा थवा. १० जुलै २०११ रोजी तिथे उतरण्यासाठी गटातून फुटताना एक मस्टँग आणि एक स्कायरेडर एकमेकांना धडकले. मस्टँगचा वैमानिक पॅराशूटने वाचला. स्कायरेडर पंखाचं टोक गमावूनही धावपट्टीवर उतरलं. म्हणजे आराखड्यात टाळ्या मिळवणाऱ्या फेरीइतकंच घरी परतण्याचं वळणही हवं: कोण आधी फुटेल, कोणत्या उंचीला, आणि पुढचा दिसेनासा झाला तर कुठल्या बाजूला निघून जायचं.