बाळ बघायला सगळे येतात, बाळंतिणीला कोण विचारतं?



आज जाळी-बोटुकलीचा विषय नाही, घरातला आहे. माझ्या दुसऱ्या मुलीच्या वेळी बाळंतपण नीट झालं, तिसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. पण महिना उलटला तरी बायको गप्पच. बाळ झोपलं तरी तिला झोप नाही, ताटातलं तसंच राहायचं. कुणी म्हणालं आळस, कुणी म्हणालं बाहेरचं लागलं. मी पहाटेच कारंजा धरणावर जायचो. वाटलं, होईल हळूहळू बरं. चार महिने असेच गेले. हा आजार आहे, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, चिडचिड होणं पुष्कळ जणींना होतं. ते दोन आठवड्यांत आपोआप जातं. त्यापुढंही उदास वाटणं, झोप-भूक जाणं, बाळाची ओढ न वाटणं, 'मी वाईट आई आहे' असं म्हणणं चालूच राहिलं, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. वर्षभरात कधीही ते सुरू होऊ शकतं.

हे श्रीमंतांचं दुखणं नव्हे. गोव्यात म्हापशाच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झालेल्या बायांचा अभ्यास २००२ साली छापून आला. सहा ते आठ आठवड्यांनी बघितलं तर शंभरात २३ जणींना हा त्रास होता. घरची ओढाताण, नवऱ्याची मारहाण, मुलगी झाली म्हणून नाराजी, ही त्यातली मोठी कारणं. बहुतेकींचं मन गरोदरपणातच खचलेलं होतं.

पूर्वी सुईण सव्वा महिना अंघोळ घालायला यायची. अंग चोळता चोळता बाई काय बोलते, काय लपवते, ते तिला कळायचं. दवाखान्यामुळं जीव वाचले, ते सोडायचं नाही. पण ती रोजची विचारपूस गेली. आता आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. त्या आल्या की बाळाचं वजन सांगा, तसं बाळंतिणीचं मनही सांगा. ४२ दिवसांनंतर लक्ष ठेवायचं काम मात्र आपलंच.

नवऱ्यांनी एवढं करावं:
१) रात्री एकदा तरी बाळ आपण घ्यावं, तिला सलग चार-पाच तास झोपू द्यावं.
२) 'तुला कसं वाटतंय?' हे एकटीला विचारावं, आणि ऐकून घ्यावं.
३) मुलगी झाली म्हणून टोमणा मारणाऱ्याला तिथंच थांबवावं.
४) दोन आठवड्यांत फरक नाही, तर डॉक्टरांकडं न्यावं. समुपदेशनानं आणि औषधानं हा आजार बरा होतो. अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधं आहेत, ती डॉक्टरच ठरवतील.

मरणाचं किंवा बाळाला इजा करायचं बोलली, असंबद्ध बोलू लागली, कानात आवाज येतात म्हणाली, तर तिला एकटं सोडू नका. त्याच दिवशी भालकीच्या सरकारी दवाखान्यात किंवा बीदरला ब्रिम्समध्ये न्या. अंगारे-धुपाऱ्यात दिवस घालवू नका.

टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलतात. मोबाईलमध्ये आत्ताच टाकून ठेवा.

जाळं फाटलं तर आपण त्याच दिवशी विणायला बसतो. मी घरात चार महिने उशीर केला. तुम्ही करू नका.

आपला,
सचिव