गायरान असो की स्वतःचं रान, हरणाची शिकार म्हणजे जेलच

कारेगाव : पेरण्या झाल्या, रानं मोकळी झाली की शिरूर-दौंडच्या माळावर रात्री बॅटऱ्या चमकायला लागतात. कुणी सशामागं, कुणी तितरासाठी फासे लावतं. "गायरान गावाचं आहे, आपल्याला कोण विचारणार?" असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. हा कायदा जमीन कुणाची ते बघत नाही, जनावर कोणतं ते बघतो. वनखात्याची जमीन, गायरान किंवा तुमचा स्वतःचा ऊस, नियम एकच. नुसता फासा लावला, जनावर सापडलं नाही, तरी तो गुन्हाच. पक्ष्यांची अंडी फोडणं, घरटं मोडणं हेसुद्धा शिकारीतच धरतात.

चिंकारा, काळवीट आणि मोर पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. ससा मारला तरी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वापरलेली गाडीही जप्त होते.

हरणं पिकात शिरतात, नुकसान होतं, हे खरंच आहे. पण त्यावर उपाय फासा नाही. पिकाचे फोटो काढा, तीन दिवसांच्या आत वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या. हरणानं केलेल्या नुकसानीची भरपाई शासन देतं.

शिकार होताना दिसली तर स्वतः अंगावर जाऊ नका. वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.