टीबीचं औषध गोळीऐवजी थेट फुप्फुसात? समजून घ्या ‘पॉलिमर’चा उपाय

भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय सुरू झालं १८४५ मध्ये. टीबीचा जंतू सापडल्याचं रॉबर्ट कॉक यांनी जाहीर केलं १८८२ मध्ये. पुढे औषधंही आली. तरी भायखळा, परळ, लालबागच्या दाट वस्तीतून टीबी अजून गेलेला नाही. मग अडतंय कुठे?

गोळी घेतल्यावर काय होतं?

साध्या टीबीचा कोर्स किमान ६ महिन्यांचा असतो. पहिले २ महिने ४ औषधं, पुढचे ४ महिने ३ औषधं. गोळी पोटातून रक्तात जाते आणि अख्ख्या शरीरात फिरते. फुप्फुसाच्या वाट्याला त्यातलं थोडंच येतं. मळमळ, यकृताला त्रास हे वेगळंच.

शिवाय हा जंतू लपतो कुठे, तर जंतूंना गिळणाऱ्या आपल्याच पेशींमध्ये. काही आठवड्यांत खोकला थांबतो, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या सुटतात. उरलेले जंतू मग औषधालाच दाद देईनासे होऊ शकतात.

पॉलिमर काय करतं?

पीएलजीए नावाचं एक पॉलिमर आहे. ऑपरेशननंतर आपोआप विरघळणारे काही टाके याचेच बनतात. याच्या बारीक कणांत औषध भरायचं आणि ते श्वासावाटे आत घ्यायचं, अशी ही कल्पना.

कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचे असले की फुप्फुसात खोलवर पोहोचतात. जंतू ज्या पेशींत लपतो, त्याच पेशी हे कणही गिळतात. पॉलिमर हळूहळू विरघळतं आणि औषध दिवसेंदिवस झिरपत राहतं.

हे खरंच चालतं?

चंदीगडच्या पीजीआयमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये याचे निष्कर्ष मांडले. टीबी झालेल्या गिनीपिगना नेब्युलायझरमधून दर १० दिवसांनी असे फक्त ५ डोस दिले. फुप्फुसात जंतू सापडले नाहीत. तोंडावाटे औषध देऊन तेवढाच परिणाम मिळवायला रोज एक, असे ४६ डोस लागले.

मग अजून मिळत का नाही?

प्राण्यात जमलं म्हणजे माणसात जमेलच असं नाही. सगळे कण एकाच मापाचे, मोठ्या प्रमाणावर आणि परवडेल अशा किमतीत बनवणं कठीण आहे. टीबी मणक्यात, गाठीतही होतो. तिथे नुसता श्वास पुरत नाही. पण वाट बंद नाही. टीबीच्या जंतूच्या भाऊबंदांमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजारावर श्वासावाटे घ्यायच्या अमिकासिनला अमेरिकेत २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात पॉलिमरऐवजी चरबीसारख्या पदार्थाचे सूक्ष्म कण वापरतात.

तोपर्यंत काय?

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. आणि घरात कुणाचा कोर्स सुरू असेल, तर बरं वाटलं तरी डॉक्टर सांगेपर्यंत एकही गोळी चुकवू देऊ नका.