परत आलेला पालक

ठाण्यात किंवा कल्याणात परस्पर संमतीने घटस्फोट होतो तेव्हा कन्सेंट टर्म्समध्ये बरेचदा एक कलम असतं: मूल आईकडे राहील, वडील ताबा मागणार नाहीत. कधी कधी भेटीचा हक्कही सोडल्याचं लिहिलेलं असतं. सही करताना दोघांनाही सुटल्यासारखं वाटतं. मग तीन-चार वर्षांनी फोन येतो, “मला मुलीला भेटायचंय.” (मूल वडिलांकडे असेल तर हाच फोन आईचा असतो.) घरात लगेच दोन तट पडतात. आजी विचारते, इतकी वर्षं कुठे होता? मामा म्हणतो, कागदावर सही झालीय, विषय संपला. माझ्या मते विषय संपलेला नसतो, आणि एकदाच हो किंवा नाही म्हणून तो संपवताही येत नाही. भेट पायरीपायरीने वाढवावी, कुठल्याही पायरीवर थांबता आणि मागे फिरता यावं. पुढची पायरी द्यायची की नाही, हे परतलेल्या माणसाच्या नियमितपणावरून ठरवावं. त्याला किती पश्चात्ताप झालाय यावर ते सोडू नये.

कायद्याची दिशाही हीच आहे. रोझी जेकब खटल्यात 1973 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ताब्याचे आदेश मुळातच तात्पुरते असतात आणि परिस्थिती बदलली की तेही बदलता येतात. संमतीने झालेल्या आदेशांनाही त्यातून सूट नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम 26 घटस्फोटानंतरही असा बदल मागण्याची वाट मोकळी ठेवतं. 2020 च्या यशिता साहू निकालात न्यायालयाने आई-वडील दोघांचंही प्रेम हा मुलाचा हक्क मानला आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तिथे व्हिडिओ कॉलवरच्या संपर्काचाही विचार व्हावा असं सांगितलं. हक्क मुलाचा असेल, तर आई-वडिलांच्या सहीने तो कायमचा बुडत नाही. मात्र त्याच न्यायाने तो परतलेल्या पालकाच्या मालकीचाही होत नाही. “माझं मूल आहे, मला भेटायचंय” एवढं म्हणणं पुरेसं नाही.

पहिल्या भेटीत काय पाहायचं? वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात अशा भेटींसाठी चिल्ड्रन्स कॉम्प्लेक्स आहे. आपसात ठरलेल्या भेटी मात्र मॉलच्या फूड कोर्टात, ठाण्याच्या तलावपाळीवर किंवा एखाद्या बागेत उरकल्या जातात. वेळ तासाभराचीच असावी. मुलाच्या ओळखीचं माणूस नजरेच्या टप्प्यात असावं, पण बोलणं ऐकू येईल इतकं जवळ नसावं. शाळेच्या गेटवर किंवा रिक्षावाल्या काकांसमोर अचानक उभं राहणं हा सर्वात वाईट प्रकार, कारण तिथे मुलाला नाही म्हणायची सोयच नसते. परतलेल्या पालकाने आणलेला फ्रॉक बहुधा दोन वर्षांपूर्वीच्या मापाचा निघतो. त्यावरून माणसाला जोखू नये, दुराव्यात माप चुकणारच. तो फ्रॉक बाजूला ठेवून मूल जो खेळ काढेल त्यात तो शिरतो का, की दहाव्या मिनिटाला “मम्मी कुठे कुठे जाते?” असं विचारू लागतो, यावरून बरंच कळतं. त्याहून जास्त कळतं लोकलच्या मेगाब्लॉकच्या रविवारी. अकराची भेट असते, मूल साडेदहापासून सँडल घालून बसलेलं असतं. ब्लॉकचं वेळापत्रक आदल्या दिवशीच जाहीर झालेलं असतं. ते पाहून तासभर आधी निघणारा माणूस आणि साडेबाराला “ट्रेनचा प्रॉब्लेम होता” म्हणत उगवणारा माणूस, दोघांचंही मुलावर प्रेम असू शकतं. पुढची पायरी द्यावी ती पहिल्याला.

यावर पहिला आक्षेप पैशाचा असतो. पोटगी बुडवली आणि आता भेट हवी? संताप रास्त आहे, पण पोटगी थकली म्हणून भेट अडवली तर शिक्षा मुलालाही होते. थकबाकीच्या वसुलीला कायद्यात वेगळा मार्ग आहे, तो जरूर धरावा. दुसरा आक्षेप हिंसेचा, आणि तिथे मी पायऱ्यांचा आग्रह धरणार नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 21 भेट मुलाच्या हिताला घातक वाटल्यास ती नाकारण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्याला देतं. ऑस्ट्रेलियाने 2006 मध्ये पालकत्वाची जबाबदारी दोघांची समसमान असल्याचं गृहीतक कायद्यात आणलं आणि 2023 च्या दुरुस्तीने ते काढून टाकलं. त्याचा अर्थ समान वेळेचा हक्क असा लावला जात होता आणि सुरक्षिततेचा प्रश्न मागे पडत होता. दोन्ही पालक हवेतच, हे वाक्य प्रत्येक घराला लागू पडत नाही.

मूलच नाही म्हणालं तर? पालक व पाल्य कायदा 1890 पासून सांगतो की समंजस पसंती देण्याइतक्या वयाच्या मुलाचं म्हणणं न्यायालय विचारात घेऊ शकतं. पण सात वर्षांच्या मुलाला “तुला पप्पा हवेत का?” असं विचारणं म्हणजे मोठ्यांचा निर्णय त्याच्या डोक्यावर ठेवणं. कुठे भेटायचं, किती वेळ, सोबत कोण, हे त्याला विचारावं. त्याचा नकारही नीट ऐकावा. “ते दार लावून ओरडायचे” हे मुलाचं स्वतःचं आहे. “त्यांनी आपली पोटगी बुडवली” हे कुणा मोठ्याचं वाक्य आहे. पहिल्या नकाराला मान द्यावा, दुसरा कुठून आला ते घरातल्यांनीच आपसात तपासावं.

सर्वात खरा आक्षेप शेवटचा: तो पुन्हा निघून गेला तर? ही भीती निराधार नाही, म्हणून तर पायऱ्या लहान ठेवायच्या. मुलाला पुढच्या एका भेटीपलीकडे कसलाही शब्द देऊ नये. वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग, आजोळची सुट्टी, हे सगळं काही महिने नियमित भेटी झाल्यावर. दोन भेटी न कळवता चुकल्या तर व्हिडिओ कॉलवर परत यावं. तोही चुकू लागला तर आदेश बदलून घेण्यासाठी अर्ज करावा. कलम 26 मुलाला सांभाळणाऱ्या पालकासाठीही आहे. आणि “ऑफिसात अडकले असतील” हे चौथ्यांदा सांगू नये. पप्पा येणार होते, आले नाहीत, त्यात तुझं काही चुकलं नाही, एवढं मुलाला त्याच दिवशी, त्याच शब्दांत सांगावं.