डोळ्यांच्या कोरडेपणावर कॅप्सूल : पैसे मोजण्याआधी हे वाचा

डोळ्यांत माती गेल्यासारखे खुपते, चुरचुरते, संध्याकाळ झाली की पापण्या जड होतात, मध्येच पाणी वाहते. ही तक्रार आता फक्त वयस्कर माणसांची राहिलेली नाही. आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले-मुली स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी नारायण पेठ, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसतात. सकाळी गेलेला मुलगा रात्रीच परततो. दिवसभर समोर पुस्तक, मोबाईलवर लेक्चर आणि डोक्यावर पंखा किंवा एसीचा झोत. त्याच पेठांत स्वयंपाक, धुणीभांडी करायला जाणाऱ्या आपल्या चाळिशी-पन्नाशीतल्या भगिनींचीही हीच तक्रार असते. पाळी जाण्याच्या वयात डोळे कोरडे पडण्याचे प्रमाण वाढतेच.

अशा वेळी कोणीतरी सांगते, "ओमेगा-थ्रीच्या कॅप्सूल घ्या, डोळ्यांना वंगण मिळते." कधी मेडिकलवाला सांगतो, कधी मोबाईलवरची जाहिरात, तर कधी चेन मार्केटिंगमधली ओळखीची बाई बचत गटाच्या बैठकीत डबाच काढून ठेवते. महिन्याला सहाशे रुपयांचा डबा धरला तरी वर्षाचे ७,२०० रुपये झाले. एवढ्या पैशांत घरात बरेच काही येते. म्हणून हा डबा खरोखर उपयोगाचा आहे का, हे पाहणे आम्हाला गरजेचे वाटते.

पाणी येते, मग डोळा कोरडा कसा?

हा प्रश्न आम्हाला प्रत्येक वस्तीत विचारला जातो. डोळ्यावरचे अश्रू म्हणजे नुसते पाणी नव्हे. डोळ्याला चिकटून बुळबुळीत द्रवाचा थर असतो, त्यावर पाण्याचा आणि सर्वांत वर तेलाचा पातळ थर असतो. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येते आणि पाणी उडून जाऊ देत नाही. तेल कमी पडले की पाणी लवकर सुकते, डोळा चुरचुरतो आणि मग शरीर घाईघाईने भरपूर पाणी सोडते. ते गालावर ओघळते, पण डोळ्यावर टिकत नाही. म्हणून पाणी वाहणारा डोळाही कोरडा असू शकतो.

एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो. मोबाईल किंवा पुस्तक बघताना हेच प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. पापणी मिटली नाही तर तेल डोळ्यावर पसरत नाही. चुलीचा धूर, गाडीवरचा वारा, मधुमेह, सर्दी-ॲलर्जीच्या सेट्रिझिनसारख्या गोळ्या आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन हीसुद्धा कारणे असतात.

डॉक्टर हा आजार साध्या तपासणीने ओळखतात. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटे ठेवतात आणि ती किती मिलिमीटर भिजली ते मोजतात. पाचपेक्षा कमी भिजली तर कोरडेपणा जास्त आहे असे समजतात. दुसऱ्या तपासणीत रंगीत थेंब टाकून अश्रूंचा थर किती सेकंद टिकतो ते पाहतात. दहा सेकंदांच्या आत तो फाटला तर काहीतरी बिघडले आहे.

ओमेगा-थ्रीची परीक्षा कशी झाली?

ओमेगा-थ्री म्हणजे माशांच्या तेलात असणारे एक प्रकारचे स्निग्ध द्रव्य. ते सूज कमी करते, म्हणून पापण्यांच्या ग्रंथींना फायदा होईल, असा तर्क होता. तर्क चांगला होता, पण तो तपासून पाहावा लागतो.

"मी घेतली, मला बरे वाटले" ही तपासणी नव्हे. माणूस औषध कधी सुरू करतो? त्रास सर्वांत जास्त असतो तेव्हा. कोरडेपणा कमी-जास्त होत राहतो. अगदी वाईट दिवसांनंतर बरे दिवस आपोआपही येतात आणि श्रेय मात्र गोळीला मिळते. शिवाय गोळी सुरू केली की माणूस डोळ्यांची काळजीही जास्त घेतो. म्हणून खऱ्या चाचणीत रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडतात. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला दिसायला अगदी तशीच, पण ते औषध नसलेली गोळी देतात. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही माहीत नसते आणि तपासणाऱ्यालाही नसते. शेवटी दोन्ही गटांची तुलना करतात.

अमेरिकेत अशी एक मोठी चाचणी झाली. तिचे नाव 'ड्रीम'. तिचा निकाल २०१८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. खर्च कॅप्सूल कंपनीने नव्हे, तर तिथल्या सरकारी नेत्रसंस्थेने केला होता. २७ केंद्रांवर मध्यम ते तीव्र कोरडेपणाचे ५३५ रुग्ण घेतले. एका गटाला वर्षभर रोज माशाच्या तेलातले ३ ग्रॅम ओमेगा-थ्री दिले. दुसऱ्या गटाला तशाच दिसणाऱ्या कॅप्सूलमधून रोज ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, ऑलिव्हचे तेल दिले. आधीपासून चालू असलेले थेंब वगैरे उपचार दोन्ही गटांनी चालूच ठेवले.

त्रास मोजायला ० ते १०० गुणांची पट्टी होती. वर्षाअखेर ओमेगा-थ्रीच्या गटाचा त्रास सरासरी १३.९ गुणांनी कमी झाला. ऑलिव्ह तेलाच्या गटाचा १२.५ गुणांनी. हा फरक इतका थोडा आहे की तो केवळ योगायोगानेही पडू शकतो. डोळ्यांच्या तपासणीतही दोन्ही गट सारखेच निघाले. दोन्ही गटांना बरे वाटले, हे लक्षात ठेवा. दुसरा गट नसता तर "वर्षभरात केवढा आराम पडला" म्हणून याच कॅप्सूलची जाहिरात झाली असती.

काही जण म्हणतात, ऑलिव्हचे तेलही गुणकारी असेल, म्हणून फरक दिसला नाही. असेलही. पण तसे असले तरी महाग कॅप्सूल चमचाभर तेलापेक्षा वरचढ ठरली नाही, एवढे उरतेच.

आजार होऊच नये म्हणून कॅप्सूल घ्यावी का, हेही तपासले गेले आहे. अमेरिकेतच २३ हजारांहून अधिक माणसांवर पाच वर्षांहून जास्त काळ चाललेल्या चाचणीचा निकाल २०२२ साली आला. रोज १ ग्रॅमची ओमेगा-थ्री कॅप्सूल घेणाऱ्यांत कोरडेपणाचा आजार कमी झाला नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या भारतात २०१३ साली पाचशेहून अधिक रुग्णांवर तीन महिन्यांची चाचणी झाली आणि तीत ओमेगा-थ्री घेणाऱ्यांच्या तक्रारी जास्त कमी झाल्या. संगणकावर काम करणाऱ्यांवरच्या भारतीय चाचणीतही फायदा दिसला. २०१९ साली तज्ज्ञांनी अशा ३४ चाचण्या एकत्र मांडून पाहिल्या. थोडा उपयोग असू शकेल, पण पुरावा एकसारखा नाही आणि खात्रीचा नाही, असे मत त्यांनी दिले. म्हणजे कॅप्सूल विष नाही, पण जाहिरातीत दिसते तसे रामबाण औषधही नाही. पोट मारून घ्यावी अशी तर मुळीच नाही.

डब्यावरचे अक्षर वाचा

बाजारातल्या माशाच्या तेलाच्या साध्या १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलवर मागे बारीक अक्षरात बहुधा ईपीए १८० आणि डीएचए १२० असे लिहिलेले असते. म्हणजे कामाचे ओमेगा-थ्री फक्त ३०० मिलिग्रॅम. 'ड्रीम' चाचणीतला रोजचा डोस गाठायचा तर अशा दहा कॅप्सूल रोज लागतील. आणि एवढ्या डोसनेही तिथे फरक पडला नाही.

दुसरे, असे पूरक पदार्थ आपल्याकडे औषध म्हणून नव्हे, तर अन्न म्हणून विकले जातात. अन्नसुरक्षा नियमांनुसार त्यांच्या डब्यावर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असे छापावे लागते. म्हणजे 'औषधी उपयोगासाठी नाही'. घरातल्या शिकलेल्या मुलीला हे वाचायला सांगा. आजार बरा करतो असे तोंडी सांगून विकणाऱ्याच्या स्वतःच्याच डब्यावर त्याचे उत्तर छापलेले असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय माशाच्या तेलाची कॅप्सूल घेऊ नका.

पोषणाने डोळा वाचतो तो इथे

पोषणाचा डोळ्यांशी संबंध नाही, असे आम्ही म्हणत नाही. लहान मुलांत अ जीवनसत्त्व कमी पडले की आधी रातांधळेपणा येतो. मूल अंधार पडला की धडपडते. मग डोळ्याची चमक जाते, पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे डाग दिसतात आणि दुर्लक्ष झाले तर बुबुळ विरघळून कायमचे आंधळेपण येते. या कोरडेपणावर अ जीवनसत्त्व हेच औषध आहे आणि ते पक्के सिद्ध झालेले आहे. म्हणूनच १९७० सालापासून सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. नवव्या महिन्यात गोवरच्या लसीबरोबर १ लाख युनिटचा पहिला डोस, मग दीड वर्षापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिटचा डोस. एकूण नऊ डोस, तेही फुकट. गोवर झालेल्या, वरचेवर जुलाब होणाऱ्या मुलाकडे जास्त लक्ष द्या. आपल्या मुलाच्या कार्डावर किती डोसांची नोंद आहे ते आजच पाहा. राहिले असतील तर अंगणवाडीताई, आशाताई किंवा महापालिकेच्या दवाखान्यात विचारा.

मात्र हेच अ जीवनसत्त्व मनाने जास्त घेतले तर अंगावर येते. गरोदर बाईने तर त्याची जास्त ताकदीची कॅप्सूल स्वतःहून कधीच घेऊ नये, पोटातल्या बाळात व्यंग येऊ शकते.

मोठ्यांनी जेवणावर भर द्यावा. शेवग्याचा पाला, मेथी, पालक, लाल भोपळा, गाजर, पपई, अंडी यांतून अ जीवनसत्त्व मिळते. तारली, बांगडा हे ओमेगा-थ्रीचे खरे घर. जवसाच्या चटणीतही एक प्रकारचे ओमेगा-थ्री असते, पण शरीर त्यातले थोडेच माशाच्या तेलासारखे बनवू शकते. ही चटणी डोळ्याचे औषध म्हणून खाऊ नका, चांगले अन्न म्हणून जरूर खा.

मग करायचे काय?

वाचताना, मोबाईल बघताना दर वीस मिनिटांनी नजर उचलून वीस सेकंद लांब पाहा आणि पापण्या पूर्ण मिटून उघडा. पंख्याचा, एसीचा झोत चेहऱ्यावर घेऊ नका. अभ्यासिकेत जागा बदलून मागा. गाडीवर चष्मा लावा. स्वच्छ फडके सोसवेल एवढ्या गरम पाण्यात पिळून पाच-दहा मिनिटे मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा, मग पापण्यांच्या कडा बोटाने हलक्या चोळा. तेलाच्या ग्रंथी त्याने मोकळ्या होतात. डॉक्टरांनी सांगितल्यास कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरा. बाटली एकाने वापरलेली दुसऱ्याने वापरू नये, आणि उघडल्यावर किती दिवस चालते ते तिच्यावर वाचावे. डोळ्यांत मध, गुलाबपाणी किंवा आईचे दूध घालू नका.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. डोळे लाल झाले की चिठ्ठीशिवाय आणलेल्या थेंबांत कधी कधी डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असते. ही स्टिरॉइड आहेत. त्यांनी लाली झटकन जाते, म्हणून लोक महिनोन् महिने तेच थेंब टाकतात. त्यातून काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. बाटलीवर ही नावे दिसली तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एक थेंबही टाकू नका.

डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर कमी झाली असेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ससूनमध्ये डोळ्यांचा विभाग आहे. कोरड्या डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडे पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. तो सगळ्या शरीराचा आजार असू शकतो. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्या.

पुढच्या वेळी कोणी कॅप्सूलचा डबा पुढे केला तर त्याला चार प्रश्न विचारा. ही कशाशी तुलना करून तपासली? किती माणसांवर आणि किती दिवस? तपासणीत जेवढा डोस होता तेवढा या डब्यात आहे का? आणि तपासणीचा खर्च कोणी केला? चारही उत्तरे मिळाली नाहीत तर डबा परत द्या. त्या पैशांत डोळ्यांच्या डॉक्टरांची तपासणी होईल, आठवडाभराची भाजी येईल आणि मुलांच्या ताटात अंडे पडेल.

जयभीम!